सात धाग्यांचा आठवडा

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा लोक दिवस उन्हावरून मोजत आणि आठवडा बाजारावरून. नदीकाठच्या एका गावात विणकरांचं एक घर होतं. सासू-सासरे, मुलगा, सून आणि धाकटा दीर अशी पाच माणसं. सासरे, मुलगा आणि सून मागावर बसत, दीर सूत रंगवी, सासू सूत गुंडाळून कांड्या भरी. सकाळी सुरू झालेले, आडवा धागा नेणारे धोटे दिवेलागणीपर्यंत थांबत नसत.

घर शिस्तीचं होतं. एक लुगडं विणायचं तर महिनाभर आधी रंग ठरत, धागे मोजले जात, ताण्याचे उभे धागे मागावर चढत. जेवणाचं मात्र कधीच काही ठरलेलं नसे.

जेवणं आटोपली की सून रोज विचारी, "उद्या काय करू?"

सासरे म्हणत, "काहीही चालेल."

नवरा म्हणे, "तू करशील ते."

दीर पोटावरून हात फिरवी. "वहिनी, भरल्या पोटाच्या माणसाला असलं विचारू नये."

सासू म्हणे, "आम्ही नव्हतो बाई कुणाला विचारत."

आणि दुसऱ्या दिवशी ताटं वाढली की याच चौघांना मतं फुटत. "पुन्हा पिठलं?" "मटकीची उसळ किती दिवसांत केली नाहीस."

आता, उसळ मनात आली म्हणून ताटात येत नाही. मटकी दोन दिवस आधी भिजवावी लागते, फडक्यात बांधून मोड आणावे लागतात. 'काहीही चालेल' म्हणणाऱ्यांना हे दोन दिवस आधी कधीच आठवत नाही. मग ते सुनेनेच आठवायचं. ताक उरलंय का, पीठ दळलंय का, डाळ किती आहे, सगळं तिनेच. हात चुलीपाशी सकाळ-संध्याकाळ असत. डोकं दिवसभर तिथेच असे.

एकदा पाटलांच्या लेकीचं लग्न ठरलं. तिने खास सुनेकडे निरोप धाडला. "तुमच्या आईच्या हातचा वेलीच्या नक्षीचा काठ मला लग्नाच्या लुगड्याला हवा. पौर्णिमेच्या आत."

तो काठ सुनेच्या आईने घडवला होता. आई आता नव्हती. तिच्यामागे तो एकट्या सुनेला येत होता, आणि तिनेही तो लग्नानंतर विणला नव्हता. या वेळी जमला नाही, तर आपल्या हातूनही तो जाईल, हे तिला कळत होतं.

ती मागावर बसली. चौथ्या दिवशी सासरे मागे येऊन उभे राहिले. नजर जुनी, पण धाग्याची चूक अजून लांबून दिसे.

"वेल चुकली," ते म्हणाले.

तिने पाहिलं. चार बोटं कापड चुकीचं गेलं होतं. सगळं उसवायचं.

"धागे मोजत होते, मामंजी. मध्येच आठवलं, मटकी भिजवायची राहिली."

"मागावर बसून मटकीचा विचार करतात होय?"

"मी नाही केला तर कोण करतं?"

सासऱ्यांनी सासूकडे पाहिलं. सासूने कांडीकडे.

सून उसवता उसवताच म्हणाली, "मामंजी, तुम्ही कधी ताणा न लावता विणायला बसलात?"

"वेडी आहेस का? आडवा धागा अडकवणार कशात?"

"मग या घरचं जेवण मी रोज ताण्याशिवाय विणते. गाठी येणारच."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजारातून भाजीपाला आला तशी तिने चुलीजवळच्या खुंटीवर सात वारांसाठी सात रंगांचे सात धागे बांधले आणि सगळ्यांना समोर बसवलं. हिरवा पालेभाजीचा, पिवळा पिठल्याचा, पांढरा कढी-भाताचा, तांबडा उसळीचा. उरलेले तीन काय, ते घराने ठरवायचं.

"एकेकाने आपला धागा घ्यायचा. ज्याचा धागा, त्याने त्या दिवशी काय लागेल ते आधी बघायचं. रांधायला मी आहे, आत्याबाई आहेत," ती सासूकडे बघत म्हणाली. "आठवायला मी एकटी नाही."

"घरात पंचायत भरवलीस," नवरा हसला. पण पिवळा धागा त्याने उचलला, कारण पिठल्याला फारसं काही बघावं लागत नाही. सासऱ्यांनी हिरवा घेतला. पांढरा आणि आणखी दोन सासूने. उरलेला एक सुनेने.

दीर म्हणाला, "तांबडा माझा. उसळ म्हणजे माझा जीव."

उसळीचा वार गुरुवार. मंगळवारी सून पाणी प्यायला उठली, तेव्हा मटकीचं पातेलं फळीवर पालथंच होतं. तिचा हात डब्याकडे गेला. झाकण अर्धं उघडलंही.

मग तिने झाकण लावलं आणि मागावर जाऊन बसली. वेलीचं तिसरं पान होतं. तिने धागे पहिल्यापासून मोजले.

गुरुवारी ताटात भाकरी, मीठ आणि फोडलेला कांदा एवढंच आलं.

"उसळ कुठाय?" सासऱ्यांनी विचारलं.

सगळ्यांची मान सवयीने सुनेकडे वळली. ती शांतपणे भाकरी मोडत होती. मग मान खुंटीकडे गेली, आणि तांबड्या धाग्यावरून दिराकडे.

दीर मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं, वहिनी मटकी भिजत घालतील."

"हेच तर," सासू हळू आवाजात म्हणाली. "मलाही चाळीस वर्षं हेच ऐकावं लागलं." त्या घरात हे ती प्रथमच बोलत होती.

कुणी कुणाला रागावलं नाही. कोरडी भाकरी घशाखाली उतरायला वेळ लागतो, तेवढ्यात ज्याला जे कळायचं ते कळलं. पुढच्या मंगळवारी पाणी भरायच्या आधी दिराने मटकी भिजवली, बुधवारी फडक्यात बांधली, आणि दिवसातून चारदा उघडून मोड आले का ते पाहिलं. "नको इतकं बघू," सासू म्हणाली, "लाजून यायचे नाहीत." उसळ जराशी तिखट झाली. कुणी नाव ठेवलं नाही.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी काठ पूर्ण झाला. सासऱ्यांनी तो उजेडात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. एकही धागा चुकला नव्हता. त्यांनी कापडाची घडी घातली आणि म्हणाले, "हा काठ आम्हालाही शिकव. एकीच्याच डोक्यात राहिलेली गोष्ट घराची होत नाही."

म्हणून लक्षात ठेवा: ज्याला उद्या भूक लागणार आहे, त्याने उद्याच्या जेवणाचा विचारही आजच वाटून घ्यावा.