पाय पुढे करा!

"सोंग असं आण, की हसायचं सगळ्यांनी, पण लागता कामा नये कुणालाच! जमलं नाही, तर तुझा बाप हद्दपार!" राजे धरणीधरराव गरजले.

समोर उभी होती येसू, गोंदा बहुरूप्याची लेक. बापानं काल दरबारात सेनापतींचं सोंग आणलं आणि बिचारा थेट कोठडीत गेला. गंमत बघा, परवा त्यानं शास्त्रीबुवांचं सोंग आणलं, तेव्हा हेच सेनापती पोट धरून हसले होते! स्वतःवर आल्यावर मात्र म्हणे विनोदाची पातळी घसरली!

"कुणालाच लागू नये, तर झाडाचं सोंग आणते, सरकार."

"झाडाला बघून कोण हसणार? उद्या ये!"

येसूचा जीव बापासाठी तुटत होता, पण डोकंही तापलं होतं. दुसऱ्या दिवशी ती आली ती पोटाला उशी बांधून, मिशा चिकटवून. कोण म्हणून विचाराल, तर एक बडा माणूस. नावगाव काही नाही! लोडाला टेकून घोरायचा आणि पाऊल वाजलं की ओरडायचा, "जागा आहे मी!" उंदीर दिसताच तलवार शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. कुणी स्तुती केली की तोंडानं "पुरे, पुरे" आणि हातानं "चालू दे" अशी खूण!

दरबार हसून हसून बेजार झाला! शास्त्रीबुवा सेनापतींकडे बघून हसले, सेनापती कारभाऱ्यांकडे बघून, कारभारी शास्त्रीबुवांकडे. राजांच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

हसू ओसरलं तसे कारभारी उठले. "सरकार, हे सोंग कुणाचं तरी होतं! चौकशी व्हावी!"

"होऊ द्या की," येसू म्हणाली. "ज्याचं सोंग आणलं त्याच्या पाया पडून माफी मागायची, ही आमची रीतच आहे. ज्यांना स्वतःची ओळख पटली, त्यांनी पाय पुढे करावा!"

काय सांगू! सगळ्यांचे पाय झटकन अंगरख्यांखाली गडप. गुडघेदुखीनं वर्षानुवर्षं पाय पसरून बसणारे सेनापतीसुद्धा मांडी घालून बसले!

"बघा सरकार, कुणालाच लागलं नाही!"

"शाब्बास! काय तुझी हुशारी, काय तुझी..."

"पुरे, पुरे," म्हणत येसूनं हातानं "चालू दे" अशी खूण केली. मग हळूच विचारलं, "पण सरकार, आपण का पाय आखडून घेतलात?"

राजांनी खाली पाहिलं. खरंच की! दोन्ही पाय सिंहासनाखाली!

क्षणभर मिशा थरथरल्या आणि मग राजे असे खदखदून हसले, की मुकुट कानावर आला. त्यांनी पाय पुढे केला.

"पड बाई पाया, ती 'चालू दे'ची खोड माझीच! हे घे सोन्याचं कडं, आणि आधी बापाला सोडवून आण. उद्या त्याला माझं सोंग आणायला सांग. पोटाची उशी मात्र जरा लहान घे म्हणावं!"