चौसष्टावी ओळ

"सर, माझ्यात कमी आहे तरी काय?"

शर्वाणी तांडेलने पडवीची पायरी चढता चढताच विचारलं. चप्पल काढायचंही भान नव्हतं.

तांबोळी सर फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. खाडीकाठच्या कॉलेजात त्यांनी पस्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाले, तरी अडलेले विद्यार्थी अजून त्यांच्याच दारी येत.

"बस."

ती बसली. पण गप्प बसेल तर शर्वाणी कसली! एमएस्सीला सुवर्णपदक, पीएचडी, चार शोधनिबंध, सगळं एका दमात सांगून झालं. पुढच्या संशोधनासाठी, पोस्टडॉकसाठी, दोन वर्षांत त्रेसष्ट ठिकाणी अर्ज केले होते. सगळीकडे नन्नाचा पाढा.

"माझ्याहून कच्चे लोक गेले, सर. तिकडून बर्फातले फोटो टाकतात."

"यादी ठेवलीयस?"

ठेवलेली असणारच. पोस्टडॉक शोधणाऱ्याच्या घरात एक वेळ देव्हारा नसेल, पण लॅपटॉपमध्ये अर्जांचा तक्ता असतोच. नकार आला की ओळ लाल. उत्तरच आलं नाही, तर पिवळी.

सर एका बोटाने तक्ता सरकवत गेले. लाल, पिवळी, पिवळी, लाल...

अगदी खाली थांबले.

"ही पांढरी कुणाची?"

शर्वाणीने मान दुसरीकडे वळवली.

"ती... जपानमधली एक प्रयोगशाळा आहे. लहानशी. निवट्यांवर काम करतात."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. ओहोटी लागली की लहानगी शर्वाणी तासन्‌तास काठावर बसून तेवढंच बघायची. पाण्यातला जीव पाण्याबाहेर इतका मजेत कसा राहतो? हा प्रश्न तिला सातव्या वर्षी पडला होता आणि अजून तिचा पिच्छा सोडत नव्हता.

"त्यांना काय लिहिलंस?"

"पत्र तयार आहे. दीड वर्ष झालं. रोज उघडते, एखादा स्वल्पविराम बदलते, बंद करते."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांना काय... एकच मजकूर. नावं बदलून."

सरांनी आणखी एक आठळी सोलली.

"मग हे का नाही पाठवलंस?"

"तिथल्या प्रमुख बाईंचा प्रत्येक निबंध मला पाठ आहे, सर. त्यांच्या किनाऱ्यावरच्या चिखलाला आपल्यासारखाच वास येत असेल का, याचासुद्धा मी विचार करते. बाकीचे नाही म्हणाले की मला राग येतो. पण त्या नाही म्हणाल्या, तर..."

इतकी ओढ तिला आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती, आणि त्या ओढीचीच तिला भीती वाटत होती.

सरांनी हातातली आठळी खाली ठेवली. मग लुंगीला हात पुसत म्हणाले, "यात लाल रंग कसा द्यायचा गं?"

तिने दाखवलं. सरांनी बोट टेकवलं. शेवटची पांढरी ओळ लालभडक झाली.

"सर!" शर्वाणी ताडकन उठली. "हे काय केलंत? त्यांनी कुठे नकार दिलाय?"

सरांनी लॅपटॉप मिटला आणि तिच्या हातात ठेवला.

"मग कोणी दिलाय?"