कुमुदवतीची गोड विहीर

पूर्वी कुमुदवती नगरीत धूमसेन राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका वैद्यकुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रजित. छातीच्या दुखण्यावर त्याच्या तोडीचा वैद्य आसपास कुठेच नव्हता. अर्जुनसालीचा त्याचा काढा घरोघरी घडे भरून ठेवलेला असे.

ठेवावाच लागे, कारण त्या नगरीत माणसे छातीनेच मरत. म्हातारीकोतारी नव्हे, चांगली कर्ती माणसे. माणूस बोलता बोलता थांबे, हात छातीवर नेई आणि वाक्य अर्धे टाकून जाई. हे इतके अंगवळणी पडले होते की कुमुदवतीचे लोक कामाचे आधी बोलून घेत आणि ख्यालीखुशाली मागाहून विचारीत. सकाळी उठल्यावर बायका नवऱ्याच्या छातीला कान लावून पाहत, मगच चुलीकडे वळत. परगावचा पाहुणा याला हसे. पण चार दिवस राहिला की तोही कोपऱ्यात बसून आपलेच ठोके ऐकू लागे.

याहून भयंकर एक गोष्ट होती. ज्या घरात एक माणूस जाई, त्या घराकडे मरण पुन्हा वळे. मेलेला सोबत मागतो, असे लोक म्हणत. ज्याची पाळी येणार, त्याच्या तळहातांवर आधी राळ्याच्या दाण्यांएवढे टणक कण उठत. नगराच्या विहिरीत राहणारी यक्षिणी ज्याचा हात धरते त्याच्या हातावर या खुणा उरतात, असा सगळ्यांचा समज होता.

ही विहीर राजाच्या वडिलांनी डोंगराच्या पायथ्याशी खडक फोडून बांधली होती. पाणी थंड, गोड आणि काचेसारखे स्वच्छ. सारे नगर तेच पाणी पिई. कुंभारवाड्याला मात्र तिथे दोर टाकायची मुभा नव्हती. कुंभार आपल्या मातीच्या खाणीशेजारच्या गढूळ तळ्यावर भागवीत. याला एकच अपवाद होता. कोणाच्याही घरी, अगदी कुंभाराच्याही, मृत्यू झाला की राजा वर्षभर त्या घरी रोज विहिरीचे घडे पाठवी. त्यांना सांत्वनाचे घडे म्हणत. राजा मनाने खरोखर चांगला होता, आणि आपल्या चांगुलपणात याची गणना तो सर्वात आधी करी.

मेखला नावाच्या कुंभारणीचा नवरा माती खणताना दरड कोसळून मेला. दारात सांत्वनाचे घडे येऊ लागले. वर्ष सरता सरता तिचा दीर छातीवर हात ठेवून गेला. घडे पुढे चालू राहिले. मग सासू गेली. आता घरात मेखला आणि तिची सोळा वर्षांची मुलगी तरला, एवढ्या दोघीच उरल्या होत्या, आणि तरलाच्या तळहातांवर कण उठले होते. मेखला स्वतः दिवसभर तळ्याकाठी चाकावर असे, तहान लागली की तिथलेच पाणी पिई. घरचे गोड पाणी ती लेकीसाठी राखून ठेवी.

भद्रजिताने मुलीला दिवसातून तीनदा काढा सुरू केला. महिन्याने मेखला त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"वैद्यराज, रागावू नका. काढा नेमाने देते मी. पण जितका देते तितकी पोर खालावते. परवा दोन दिवस विसरले, तर उठून बसली होती."

भद्रजिताला रागच आला. बोधिसत्त्व झाला तरी तो वैद्य होता. पण राग गिळून त्याने विचारले, "तुमच्या वाड्यात आणखी कोणाला छातीचं दुखणं आहे?"

"आमच्यात कुणाला असतंय? तळ्याच्या पाण्यानं पोटं बिघडतात, तेवढंच. घरात मयत झाली की मात्र लागतंय पाठीमागं."

तो सबंध कुंभारवाडा फिरला आणि प्रत्येकाचे हात पाहत गेला. मातीने भेगाळलेले हात होते, पण कण कुठेच नव्हते. फक्त तीन घरांत सापडले. त्या तिन्ही घरांत मृत्यू झालेला होता, आणि तिन्ही उंबरठ्यांवर राजाचा घडा होता. भद्रजित तिथेच बसला. मेलेला माणूस सोबत मागत नव्हता. त्याच्या नावाने येणारे पाणी मागत होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो दोराने विहिरीत उतरला. वर उभे असलेले लोक यक्षिणीच्या भीतीने मागे सरकले. आत शेवाळ नव्हते. बेडूक नव्हता, कपारीत पारव्याचे घरटे नव्हते, पाण्यावर एक किडासुद्धा नव्हता. इतकी वर्षे याच गोष्टीला लोक शुद्धता म्हणत आले होते. शांतता एवढी की त्याला आपले ठोके भिंतींवरून परत ऐकू येऊ लागले, आणि ते आपलेच आहेत याची क्षणभर खात्री वाटेना. खाली कोणीतरी त्याच्या तालावर श्वास घेत होते असे वाटले. तो घाबरला, घाबरतच त्याने भिंत चाचपली. खडकात सोन्यासारख्या पिवळ्या शिरा चमकत होत्या.

त्याने त्या शिरा खरवडून थोडी पूड वर आणली आणि निखाऱ्यावर टाकली. लसणासारखा वास सुटला. हा वास त्याला ठाऊक होता. हरताळ, म्हणजे ज्याची चिमूट तो कुलपात ठेवी ते विष, सबंध विहिरीच्या अंगात होते. यक्षिणी कधी नव्हतीच. नुसता दगड होता आणि पाणी होते.

मग त्याला आपला काढा आठवला. तो याच विहिरीच्या पाण्यात होई, आणि आठ भाग पाणी आटवून एक भाग उरवायचा ही त्याच्या कुळाची रीत होती. पाणी आटे, विष आटत नसे. माणसे त्याच्याकडे छाती धरून येत आणि तो त्यांना विहिरीपेक्षा आठपट विहीर पाजीत असे. दोर धरून धरून तळवे झोंबत होते म्हणून त्याने हात उलटून पाहिले. ज्यांना तो आजवर खलबत्त्याचे घट्टे समजत होता, ते घट्टे नव्हते.

त्याने राजाला सगळे सांगितले. राजा म्हणाला, "म्हणजे मी दुखवट्याच्या घरी..." आणि पुढचे वाक्य त्याच्याने बोलवले नाही.

तेव्हा उपकंस नावाचा अमात्य पुढे झाला. तो हुशार होता, आणि दुष्ट नव्हता. "विहीर आजच बुजवू," तो म्हणाला. "पण यक्षिणीचा कोप झाला म्हणून बुजवली, असं सांगू. लोक वाचतील, महाराजांचं पुण्यही राहील आणि वैद्यराज, तुमचं नावही. खरं सांगून मेलेले परत येणार आहेत का?"

भद्रजिताला ते बोल गोड लागले, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी तो म्हणाला, "अमात्य, घरोघरी माझ्या काढ्याचे घडे भरलेले आहेत. यक्षिणी गेली असं ऐकलं की लोक आनंदाने ते पितील. आणि उद्या याच डोंगरात कोणी दुसरी विहीर खणली, तर पिवळा दगड ओळखायला त्याला कोण शिकवणार?"

"लोक दगड मारतील तुम्हाला."

"मारतील."

तो निघाला आणि घरोघरी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगू लागला: तुमचे माणूस या पाण्याने गेले, आणि माझ्या काढ्याने लवकर गेले. कुठे दगड आले, कुठे शिव्या. एका म्हाताऱ्याने नुसते त्याच्याकडे पाहिले, आणि तेच त्याला सर्वात जड गेले. पण त्याच्यामागे गल्लीगल्लीत घडे फुटत गेले.

मेखलेच्या दारात तो शेवटी पोहोचला. तिने सगळे ऐकून घेतले.

"माझ्या सासूला दिलात, तो काढाही तोच?"

"तोच."

मेखला आत गेली. ती दार लावून घेईल असे त्याला वाटले. ती मातीचे भांडे घेऊन बाहेर आली. त्यात तळ्याचे पाणी होते, निवळून, उकळून, गार केलेले.

"माफी मागू नका, वैद्यराज. ती माझ्याकडं नाही अजून. पण तुमच्या हातांवरही उठलंय, मी कधीचं बघतेय. हे प्या."

तो ते पाणी प्यायला आणि तिच्या उंबरठ्यावर बसून रडला. तरला हळूहळू सावरली. पुढे तिने आपली मुले, नातवंडे पाहिली. भद्रजित मात्र तिसऱ्या वर्षी शिष्यांना शिकवता शिकवता वाक्याच्या मध्येच गेला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात एका भिक्षूला सांगितली. त्या भिक्षूने आजाऱ्याला चुकीचे औषध दिले होते आणि गोष्ट दडवून ठेवली होती; आजारी अजून तेच औषध घेत होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा धूमसेन राजा म्हणजे आपल्याला हा विहार देणारा उपासक. मेखला म्हणजे आज आजाऱ्यांची सेवा करणारी भिक्षुणी सुजंबा. वैद्य भद्रजित मीच होतो. आणि अमात्य उपकंस तू होतास. तेव्हा मी तुझे ऐकले नाही. आज तू माझे ऐक."

भिक्षू उठला, आजाऱ्याच्या खोलीकडे गेला आणि दारातूनच त्याने सांगायला सुरुवात केली. ज्या गुणाच्या बळावर त्याला तेवढी पावले टाकता आली, त्याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात.