देवाच्या सहीचा नमुना

"देवाची सही आण आणि पेन्शन घेऊन जा," चर्च कमिटीचे चेअरमन थिओफिल उजागरे म्हणाले आणि त्यांनी फॉर्म टेबलावरून परत सरकवला.

समोर उभे होते शांतवन ओहोळ, चर्चची घंटा वाजवणारे. बत्तीस वर्षं मनोऱ्याच्या एकेचाळीस पायऱ्या चढून-उतरून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन करा, नाहीतर पुढच्या वर्षी खाटेवरून उठणं नाही. आता धर्मप्रांताच्या नियमांचं एक पुस्तक आहे. वीस वर्षं नोकरी झालेल्या चर्चच्या सेवकाला निवृत्तीनंतर पेन्शन आणि दवाखान्याचा खर्च मिळेल, असं त्यात छापलंय. फक्त फॉर्मच्या तळाशी मालकाची सही हवी, आणि फॉर्म महिनाअखेर पोचायला हवा.

पण सही केली की चर्चलाही त्या फंडात दरवर्षी वाटा भरावा लागणार. आणि साहेबांना तर त्याच पैशांतून चर्चच्या दारावर संगमरवरी पाटी बसवायची होती, स्वतःच्या नावाची.

"साहेब, मालक म्हणजे चर्चच की," शांतवन म्हणाले.

"कोण म्हणतं? गेल्या नाताळात तुला शाल दिली, तेव्हा साक्ष देताना काय बोललास? 'मी कुणा माणसाचा नोकर नाही, मी देवाचा चाकर.' प्रोसिडिंगच्या वहीत लिहिलंय. सगळ्या मंडळीनं त्याला आमेन म्हटलंय. मग मालक कोण? देव. येत्या रविवारपर्यंत त्याची सही आण, नाहीतर फाइल बंद."

घ्या! अहो, साक्षीला उभं राहिल्यावर आपल्यात कोण असं बोलत नाही? 'मी काहीच नाही, सगळं देवाचं' म्हणायची पद्धतच आहे. बोलणारा बोलतो, ऐकणारे आमेन म्हणतात आणि सगळे चहाला जातात. ते वाक्य जपून ठेवून माणसाच्या गुडघ्यांवर मारायचं, हे फक्त उजागरेसाहेबांनाच सुचावं. स्वतः तहसील कचेरीतून रिटायर झालेले. पेन्शन एक तारखेला हातात, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू सरकारी खर्चानं काढलेले. त्या डोळ्यांना शांतवनचे गुडघे काही दिसले नाहीत. पाळकसाहेब शेजारीच बसले होते, पण ते नवे होते. ते आढ्याकडे बघत राहिले.

शांतवन लंगडत घरी आले. त्यांची मुलगी सलोमी बालवाडीत शिकवायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दादा, ते नियमांचं पुस्तक कुठंय?"

"वेस्ट्रीत, पाळकांच्या झग्यांच्या खोलीत, बाजाच्या पेटीखाली. पेटीचा एक पाय आखूड आहे ना."

सलोमी गेली, पेटीखाली वीट सरकवली आणि पुस्तक घेऊन आली. पानं करकरीत. आजवर कुणी उघडलंच नव्हतं! तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मालकाच्या वतीनं सही कुणी करायची, तेवढं मात्र त्यात नव्हतं. तिनं पुस्तक मिटलं.

"दादा, रविवारी काय आहे?"

"उजागरेसाहेबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. उपकारस्तुतीची प्रार्थना आहे, केक आहे."

"मग काळजी सोडा. शाल पांघरून या फक्त."

रविवारी चर्च भरलं. पुढच्या टेबलावर केक, शेजारी फ्रेम केलेला लग्नाचा दाखला. साहेब साक्षीला उभे राहिले. पत्नी मार्थाबाईंकडे हात करून म्हणाले, "आमची गाठ कुणा माणसानं नाही, देवानं बांधली!" मंडळी म्हणाली, आमेन.

तेवढ्यात सलोमी फॉर्म घेऊन पुढे आली.

"साहेब, देवाची सही आणायला सांगितलीत. पण ती दिसते कशी ते ठाऊक नाही. म्हटलं, नमुना बघून जावं."

"कसला नमुना?"

"हा काय, दाखला. तुमची गाठ देवानं बांधली, आत्ताच साक्ष दिलीत. मंडळीनं आमेनही म्हटलं. तर यावर देवाची सही कुठंशी आहे?"

साहेबांनी चष्मा सावरला. "ही पाळक लोंढ्यांची सही आहे. तेव्हा तेच होते."

"म्हणजे देवाच्या कामावर पाळकांनी सही केली तर चालते?"

साहेब पुन्हा दाखल्यावर वाकले. हो म्हणावं तर फॉर्मवर सही होते, आणि नाही म्हणावं तर...

"चालत नसेल तर तसं सांगा," सलोमी शांतपणे म्हणाली. "मग मार्थाकाकू चाळीस वर्षं तुमच्या घरी कोणत्या कागदावर राहतायत, तेही प्रोसिडिंगात लिहावं लागेल."

मार्थाबाईंनी केकची सुरी खाली ठेवली.

"अहो, बोला की. कागद कच्चा असेल तर मी आजच राहुरीला भावाकडे जाते. केक तुमचा तुम्ही कापा."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं चर्चच हसायला लागलं. साहेब आधी लाल झाले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि तेही डोळे पुसत हसत सुटले.

"पाळकसाहेब, पेन काढा!"

पाळकसाहेबांनी ते केव्हाच काढलं होतं. सही झाली. साहेबांनी केकचा पहिला तुकडा शांतवनना दिला, पाटीचे पैसे फंडात वळवले आणि चर्चच्या सगळ्या सेवकांचे फॉर्म भरायचं काम पगारासकट सलोमीला दिलं.

"पण शांतवन दवाखान्यात असेपर्यंत घंटा कोण वाजवणार?" साहेबांनी विचारलं.

"देवाचीच चाकरी आहे," मार्थाबाई म्हणाल्या. "तुम्ही वाजवा. बिनपगारी."

तिसऱ्या रविवारी साहेब विसाव्या पायरीवर गुडघा धरून उभे होते. खालून सलोमी चालली होती.

"सलोमी, चेअरमनचे गुडघे बसतात का गं त्या पुस्तकात?"

"बसतात की, साहेब. मालकाची सही आणा."

साहेब तिथंच पायरीवर बसले आणि इतके हसले, की त्या दिवशी घंटा दहा मिनिटं उशिरा झाली.