देखणी खाच

एकदा एक वृद्ध दंतशल्यविशारद आपल्या शिष्याची परीक्षा घेत होते. दुसऱ्या दिवशी एका सनईवादकाच्या जबड्याच्या हाडात धातूचे दोन खुंट बसवून त्यांवर दात चढवायचे होते. पुढचे दात गेल्यापासून त्याची सनई पेटीत पडून होती. हाडाने खुंट धरले, तरच ती पुन्हा ओठांना लागणार होती. हे काम शिष्याच्या हाती द्यावे का, ते आज ठरायचे होते.

गुरूंनी खाटकाकडून आणवलेली दोन हाडे टेबलावर ठेवली. "लेझरने दोन्हींत खाच पाड."

पहिल्या वेळी लेझरसोबत सुटणाऱ्या पाण्याचे तुषार उडत राहिले आणि कड वाकडी आली. दुसऱ्या वेळी शिष्याने पाणी कमी केले. निम्म्या वेळात आखल्यासारखी खाच पडली.

गुरूंनी दोन्ही हाडे हुंगली आणि देखणे हाड कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"सर, चांगलं तेच होतं!"

"दिसायला. वास घे."

शिष्याने ते उचलून नाकाशी धरले. केस जळल्यासारखा वास आला.

"पाण्यामुळे रेघच दिसत नव्हती, सर. नीट दिसल्याशिवाय कापू नये, हे आपणच सांगता."

"सांगतो खरा." गुरू किंचित हसले. "ड्रिलखाली हाड कुरकुरतं, हाताला धक्के देतं. लेझरचं टोक हाडाला टेकतच नाही, म्हणून हाडाची तक्रार हातापर्यंत येत नाही. भाजलेलं हाडही त्या दिवशी खुंट घट्ट धरतं. रुग्ण पेढे देऊन जातो. तीन महिन्यांनी खुंट हलू लागतो. माझ्या एका रुग्णाचा हलला होता. पाणी कमी पडलं की आणखी काही चुकलं, मला आजही नक्की सांगता येत नाही. म्हणून हुंगतो."

"मग उद्या?"

"तूच कर. हा वास आता तू विसरणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी पाणी पुरते सोडलेले होते. थोडे कापून झाले की शिष्य लेझरच्या पेडलवरचा पाय उचलून थांबे. अशाच एका थांब्यात सनईवादकाने बधिर ओठांनी विचारले, "डाक्टर, मशीन बंद पडलं का?"

"नाही बुवा. हाड निवतंय."

"निवू द्या की. सनईची पत्तीसुद्धा आम्ही आधी ओली करतो. कोरडी कुठं वाजते?"

मागे उभे असलेले गुरू हे ऐकून बाहेर जाऊन बसले. आता त्यांचे आत काम नव्हते.

जे साधन हाताला अडवत नाही, ते हाती घेण्याआधी हाताला थांबणे शिकवावे लागते.