तिसरा स्विच

“आता कितव्या दाबाला लागतो दिवा?” बाबालाल उस्तादांनी विचारलं.

“तिसऱ्या.” कुबेर मगदूमने गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली. “मालच खोटा येतोय बाजारात. हा तिसरा स्विच, उस्ताद.”

“काल?”

“काल दुसऱ्या दाबाला लागत होता.”

“आणि परवा, जुना काढला तेव्हा?”

“जुना मेलेलाच होता. लागतच नव्हता.”

उस्ताद बशीतला चहा प्यायले.

गाडी पासष्ट वर्षांची. काळी, गोल पाठीची. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागत नव्हता, एवढीच तक्रार. अशा जुन्या गाडीत त्या दिव्याचा स्विच पेडलजवळ नसतो. तो ब्रेकच्या तेलाच्या नळीत आट्यांनी बसवलेला असतो. तेलाचा दाब आला की दिवा लागतो.

कुबेर नऊ वर्षं मिरजेच्या या गॅरेजात होता. गुरुवारी जयसिंगपुरात तो स्वतःचं गॅरेज उघडणार होता. पाटी रंगवून झाली होती. पण उस्तादांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय त्यांच्या हाताखालचा मिस्त्री दुकान टाकत नसे. आणि उस्ताद म्हणाले होते, एवढी गाडी कर, मग बघू.

दिवा बघायला कुणाला हाक मारावी लागू नये म्हणून कुबेरने गाडीमागे खुर्चीवर आरसा टेकवून ठेवला होता.

त्याने पाना आपटला.

“तीन दिवस नुसते बघत बसलाय. काही बोला तरी!”

“तू विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? गुरुवारपासून मी एकटाच असणार. एकट्याला यायलाच पाहिजे.”

“मग चौथा स्विच आण.”

“थट्टा करू नका, उस्ताद. तिसऱ्या दाबाला का होईना, लागतोय की दिवा. मालक संध्याकाळी येईल. झालं काम.”

“झालं?”

“झालं.”

उस्तादांनी बशी खाली ठेवली. गाडीच्या नाकासमोर वीस पावलांवर भिंत होती. ते चालत गेले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

“आण गाडी.”

“कुठं?”

“माझ्यापर्यंत. माझ्या गुडघ्याला न लावता थांबव. मग गुरुवारचं बोलू.”

कुबेर हसला. त्याने इंजिन चालू केलं. गिअर टाकण्याआधी सवयीने पेडल दाबलं.

पेडल तळाला टेकलं.

पुन्हा दाबलं. अर्ध्यात थांबलं.

तिसऱ्यांदा दाबलं. पायाला जरा घट्ट लागलं. मागे आरशात लाल दिवा उमटला.

त्याने समोर पाहिलं. भिंत. भिंतीला टेकलेला म्हातारा. कमरेवर हात.

“उस्ताद, बाजूला व्हा.”

“का? दिवा लागतोय की.”

“तिसऱ्या दाबाला लागतोय.”

“मग पहिले दोन माझ्या अंगावर दाब. आण.”

कुबेरने पुन्हा आरशात पाहिलं.

“आण म्हणतो ना! मालकापुढं भिंत आली तर तो काय तिला बाजूला हो म्हणणार आहे?”

इंजिन धडधडत होतं. कुबेरचा हात गिअरवर होता. गिअर पडला नाही.

त्याने चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

तो खाली उतरला. त्याने बोनेट उघडून स्विचची नळी बोटानं चाचपली.

“पहिला नवा स्विच चांगला होता,” तो म्हणाला. “मी जुना सोडला तेव्हा नळीत हवा शिरली. हवेनं दाब खाल्ला, दिवा उशिरा लागला. मी स्विचला शिव्या दिल्या. पुन्हा सोडला, आणखी शिरली.”

“मग काढ हवा.”

कुबेरने पाना उचलला. चाकापाशी गेला. परत आला. हवा काढायची तर एकानं आत बसून पेडल दाबावं लागतं आणि दुसऱ्यानं चाकाजवळचा नट सोडावा लागतो. तिथं आरसा चालत नाही.

“उस्ताद…”

“बोल. भिंत गरम आहे, पाठ भाजतेय.”

“जरा पेडलवर बसता का?”

उस्ताद कुरकुरत आले. दार धरून वाकले, सीटवर बसले.

“गुडघे गेलेत माझे, आता कानही. मोठ्यानं सांग.”

“दाबा… धरून ठेवा… सोडा.”

नटाला जोडलेल्या नळीतून बाटलीत तेलाबरोबर बुडबुडे आले. पुन्हा आले. पुन्हा. चारही चाकं व्हायला तास गेला. शेवटी पेडल पहिल्या दाबालाच दगडासारखं उभं राहिलं.

कुबेर चाकाजवळच बसून राहिला. वर बघेना.

“गुरुवारचं रद्द करतो, उस्ताद. नऊ वर्षं झाली, मला अजून गाडी थांबवता येत नाही.”

उस्ताद पेडलवरून पाय काढून उतरले.

“मग मघाशी भिंतीसमोर ती थांबवली कुणी?”