आटलेल्या म्हशीची गव्हाण

माळाकडेच्या एका गावात धर्मा नावाचा एक गवळी राहायचा. कष्टाळू, पण फार हिशेबी. दूध देणाऱ्या म्हशीला तो हिरवा लसूणघास घाली, आणि गाभण राहून आटलेलीला नुसता कडबा. घरातही तीच रीत. पालेभाजी आधी कामावर जाणाऱ्यांना, उरलीच तर सुनेला.

सून शेवंता भित्री. बादली पडली तरी दचकायची. तिला दिवस गेले होते, पण भाजीचं पातेलं तिच्यापर्यंत येईतो रिकामंच व्हायचं. मग चटणी-भाकरी खाऊन ती उठायची.

त्या साली मोरी नावाची म्हैस व्याली. रेडकू उभंच राहीना. गुरांच्या डॉक्टरांनी त्याची पापणी उलटून दाखवली. आतून पांढरीफटक. गाभण असताना आईला हिरवं मिळालं नाही, ते म्हणाले. त्यातलं जीवनसत्त्व नसलं की पोटातल्या जिवाचं रक्त नीट घडत नाही.

"आता घालतो की पोटभर," धर्मा म्हणाला.

"घाला. पण घडायची वेळ पोटातली होती."

रेडकू काही वाचलं नाही. ती पांढरी पापणी शेवंताच्या डोळ्यांपुढून हलेना. गोठ्यात अजून एक गाभण म्हैस होती, चांदी. संध्याकाळी शेवंतानं घासाची पेंढी उचलली आणि दुभत्या म्हशी ओलांडून थेट चांदीच्या गव्हाणीत टाकली.

"चुकलीस गं. चांदी कुठं दूध देतेय?" मागून धर्माचा आवाज आला.

ती इतकी दचकली की हातात उरलेल्या घासाच्या काड्या सांडल्या. तिनं त्या एकेक वेचल्या आणि पुन्हा चांदीपुढंच टाकल्या.

"आबा, ती दूध देत नाही, रक्त घडवतेय. आणि मीही."

रात्री जेवताना धर्मानं भाजीचं पातेलं आधी सुनेकडे सरकवलं.

"आज सून, उद्या म्हशीही आपल्या आधी जेवणार वाटतं," सासूनं टोमणा मारला.

"गाभण असली तर जेवेल," धर्मा म्हणाला. शेवंतानं मान खाली घालून दोन डाव भाजी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली, आणि नंतर रोजच.

चांदीचं रेडकू जन्मल्या जन्मल्या धडपडत उठलं आणि आईला ढुशा देऊ लागलं. पुढं शेवंता बाळंत झाली. मुलगा की मुलगी हे विचारायच्या आधी धर्मानं नर्सला बाळाची पापणी बघायला सांगितली.

"गुलाबी आहे," नर्स हसून म्हणाली. "आणि मुलगी आहे."

तात्पर्य: जिच्या पोटात जीव वाढतो तिचं ताट आधी भरावं; आईला जे वेळेवर मिळत नाही, ते बाळाच्या रक्तात मागाहून भरता येईलच असं नाही.